प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा का? आधी मोजा, तेही भर उन्हाळ्यात

"काकू, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून द्या, गेम अडकतोय." कॅबिनेट काखोटीला मारून आलेल्या मुलाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीसांच्या गोठीजवळ, राहत्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी संगणक जोडते आणि दुरुस्त करते. माझ्याकडे येणाऱ्यांत शाळकरी मुलं आहेत, नोकरीला लागलेली आहेत, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर मुलाबरोबर खेळणारे वडीलही आहेत. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने (या वेगालाच क्लॉक म्हणतात) पळवणं. गेम अडकतो हे खरंच असतं. पण तो प्रोसेसरमुळे अडकतो का हा एक प्रश्न, आणि प्रोसेसरमुळेच अडकत असला तरी ओव्हरक्लॉकने सुटेल का हा दुसरा. माझं मत आधीच सांगून टाकते: आज नवा प्रोसेसर घेणाऱ्या बहुतेकांनी केवळ गेमसाठी या वाटेला जाऊ नये. थोड्या जणांनी मात्र जरूर जावं, त्यांना त्यातून खरंच काही मिळतं. तुम्ही कोणात मोडता हे अर्ध्या-पाऊण तासात कळतं, आणि त्यासाठी बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगला, हात लावावा लागत नाही.

फायदा आटला कुठे

ओव्हरक्लॉकिंगचा बोलबाला जुना आहे, आणि त्या काळी तो खराही होता. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर, पण मदरबोर्डावरच्या बसचा, म्हणजे प्रोसेसर ज्या वाटेने बोर्डाशी बोलतो तिचा, वेग ६६ वरून १०० केला की तोच ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. स्वस्तातल्या चिपला दीडपट वेग! पुढे २०११ मध्ये आय५-२५००के आला. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोत (काम वाढलं की चिप आपणहून घेते त्या जादा वेगात) ३.७, आणि बरा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग आणि पंखा) असला की पुष्कळशा चिप ४.५ च्या आसपास सुखाने चालत. कंपन्या तेव्हा चिपमध्ये भरपूर शिल्लक ठेवून विकत. ओव्हरक्लॉक करणारा ती शिल्लक उपसायचा.

आता ती शिल्लक कंपनीच वापरून टाकते. आय९-१४९००के कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, रायझन ५ ७६००एक्स ५.३ पर्यंत. तापमान किती आहे, वीज किती खेचली जाते आहे, किती कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामाला लागले आहेत हे पाहून चिप आपला वेग क्षणाक्षणाला स्वतःच कमी-जास्त करते. आपल्या हातात फार तर चार-पाच टक्के उरतात. समजा, गेम १२० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं काढत, चालतो आणि तुम्ही क्लॉक ४ टक्क्यांनी वाढवला. अगदी सगळा फायदा पदरात पडला तरी आकडा १२५ च्या आत. तो फरक डोळ्यांना दिसत नाही, फक्त कोपऱ्यातल्या आकड्यात दिसतो. आणि सगळा फायदा पदरात क्वचितच पडतो, कारण मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड आपल्याच चालीने चालत असतात.

मोजायचं कसं

एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घ्या. त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतो, तोही बसवा. कार्ड एमएसआयचंच असायला हवं असं नाही आणि पैसे पडत नाहीत. गेम चालू असताना पडद्यावर एवढ्या गोष्टी दिसू द्या: ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामात आहे, प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरचा क्लॉक, एफपीएस, आणि जमलं तर '१% लो', म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का क्षणांतल्या एफपीएसचा आकडा. सरासरी एफपीएस छान असूनही गेम मध्येच गचके देत असेल, तर ते गचके १% लो मध्ये दिसतात. माझ्या मते सरासरीपेक्षा हाच आकडा महत्त्वाचा.

आता तुम्ही रोज खेळता तोच गेम, रोजच्याच सेटिंगवर खेळा. नेहमी अडकतो त्या जागी मुद्दाम जा. ग्राफिक्स कार्डाचा आकडा ९७-९९ टक्क्यांवर चिकटून असेल तर तुमचं कार्ड पूर्ण जोर लावून दमलेलं आहे आणि प्रोसेसर त्याची वाट पाहतो आहे. अशा वेळी प्रोसेसर कितीही पळवा, एफपीएस जागचा हलणार नाही. प्रश्न तिथेच मिटला. सावल्या, प्रतिबिंबं, रे ट्रेसिंग (प्रकाशाची वाट मोजून चित्र काढणं) यांची सेटिंग खाली आणा, किंवा पुढेमागे कार्ड बदला.

आकडा ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतो आणि एफपीएस तरीही हवे तेवढे नाहीत, असं दिसलं तर आणखी एक परीक्षा घ्या. रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस चांगलेच वाढले तर अडचण कार्डाची होती. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा मेमरी अडवते आहे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये, विशेषतः खालच्या सेटिंगवर, असं बऱ्याचदा दिसतं. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंगसह लावला तर बहुतेकदा उलट.

इथे पुष्कळ जण एका आकड्याने फसतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसतो, म्हणून ते म्हणतात की प्रोसेसर तर मोकळाच आहे. तो आकडा सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामांच्या रांगांची, सरासरी असतो. गेमचा मुख्य थ्रेड एखाद्या कोअरवर पूर्ण अडकलेला असतो आणि बाकीचे निवांत बसलेले असतात, म्हणून सरासरी कमी दिसते. त्यामुळे प्रोसेसरच्या टक्क्यांवर नव्हे, कार्डाच्या टक्क्यांवर भरवसा ठेवा.

आणि हे सगळं करण्याआधी दोन गोष्टी तपासा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) आणला, पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला, असं मी सारखं पाहते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टात खोचलेली, हेही. मॉनिटर मुळातच ६० हर्ट्झचा असेल आणि गेम ९० एफपीएसवर न अडकता चालत असेल, तर ओव्हरक्लॉकचा विचार आत्ताच सोडा. वरचे ३० एफपीएस तो पडदा तुम्हाला पूर्ण दाखवूच शकत नाही.

चिप आणि बोर्ड तयार आहेत का

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असेल (के, केएफ, केएस) तरच मल्टिप्लायर (ज्या आकड्याने गुणून क्लॉक ठरतो तो) खुला, म्हणजे बदलता येण्याजोगा, असतो, आणि बोर्डही झेड मालिकेतला लागतो: झेड६९०, झेड७९०, झेड८९० वगैरे. बी६६० किंवा बी७६० बोर्डावर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. एच६१० वर दोन्ही नाही. आय५-१२४००एफ, आय५-१३४००एफ यांसारख्या आपल्याकडे खूप खपलेल्या चिप बंद मल्टिप्लायरच्या आहेत. त्यांना आहेत तशा चालू द्या, चांगल्या चिप आहेत.

एएमडीकडे बहुतेक सगळे रायझन खुले असतात, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेतला हवा. ए३२०, ए५२०, ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. एक्स३डी चिपची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यात कॅशेचा, म्हणजे चिपमधल्याच वेगवान छोट्या मेमरीचा, एक जादा थर बसवलेला असतो आणि गेमना त्याचा फार मोठा फायदा होतो. २०२२ च्या ५८००एक्स३डी मध्ये हा थर कोअरच्या वर होता. उष्णता त्यातून वाट काढत वर यायची आणि त्या थराला जास्त व्होल्टेज सोसत नसे, म्हणून मल्टिप्लायर बंद ठेवला होता. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ९८००एक्स३डी मध्ये तो थर कोअरच्या खाली नेला, कोअर थेट हीटसिंककडे आले, आणि चिप खुली झाली. गेमसाठी जादा वेग विकत घ्यायचाच असेल, तर क्लॉक ओढण्यापेक्षा असा कॅशे घेणं मला कधीही शहाणपणाचं वाटतं.

खुली चिप आणि योग्य बोर्ड असूनही बोर्डावरच्या व्हीआरएमकडे, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाकडे, एकदा पाहा. सॉकेटच्या भोवती धातूचे हीटसिंक बसवलेले नसतील, नुसतीच चौकोनी कॉइल उघडी दिसत असतील, तर त्या बोर्डाकडून जास्तीच्या विजेची अपेक्षा करू नका.

लॅपटॉपवाल्यांना एका ओळीत सांगते: लॅपटॉप ओव्हरक्लॉक करू नका, आतली धूळ काढून नवी पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) लावून घ्या.

ग्वाल्हेरचा मे महिना

इंटरनेटवर ओव्हरक्लॉकचे जे आकडे सापडतात ते बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत काढलेले असतात. आपल्याकडे नौतपात, म्हणजे मे अखेरीच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो, दुपारी लू (तापलेला वारा) चालते, आणि माडीवरच्या पत्र्याखालच्या खोलीत कूलर बंद असला तर भिंतसुद्धा हाताला गरम लागते. हा फरक किरकोळ नाही. हीटसिंक खोलीतली हवाच वापरतो, त्यामुळे खोली जितके अंश तापते साधारण तितकेच अंश प्रोसेसरही वर चढतो. जानेवारीत १५ अंशांच्या खोलीत गेम खेळताना प्रोसेसर ६८ वर असेल, तर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तोच, त्याच कामाला, ९३ च्या आसपास जाईल. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करतात, रायझन ७००० मधल्या बहुतेक ९५ ला. म्हणजे काही न करताच तुम्ही उंबरठ्यावर येऊन उभे राहता.

आता यावर ओव्हरक्लॉक करून पाहा. प्रोसेसर खात असलेली वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक ५ टक्क्यांनी वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२० वरून १.३२ केलं, म्हणजे १० टक्के. गुणाकार करा: १.०५ गुणिले १.१० गुणिले १.१०. उत्तर येतं १.२७. पाच टक्के वेगासाठी सत्तावीस टक्के जादा वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते. १२५ वॅट खाणारी चिप १५९ वर गेली. ती उष्णता हीटसिंकला बाहेर टाकायची आहे, त्याच ४० अंशांच्या हवेत. नाही टाकता आली तर चिप आपणहून वेग उतरवते, आणि तुम्ही ओव्हरक्लॉक केलेला संगणक मूळ वेगापेक्षाही हळू चालू लागतो. जानेवारीत खुशीने सेटिंग करून गेलेली मुलं होळीनंतर तक्रार घेऊन येतात ती यामुळेच.

म्हणून माझा नियम आहे की सेटिंग टिकतं की नाही हे उन्हाळ्याच्या दुपारी ठरवायचं. थंडीत टिकलं याला मी काहीही किंमत देत नाही.

खोलीच्या कूलरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण याविषयी कुणी लिहीत नाही. खसची जाळी लावलेला कूलर मे-जूनच्या कोरड्या हवेत खोली चांगली थंड करतो आणि प्रोसेसरलाही त्याचा फायदा मिळतो. पण कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट सोडू नका. त्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात, आणि आपल्या जड पाण्यातले क्षार सुकून बोर्डावर पांढरी पूड धरतात. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंच ठेवा. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा उपयोग जवळजवळ संपतो, म्हणजे उन्हाळा सरला तरी प्रोसेसरचा त्रास सरत नाही.

विजेचंही तसंच. आमच्या गल्लीत संध्याकाळी दिवे मंद-प्रखर होताना डोळ्यांना दिसतात. ओव्हरक्लॉक काठावर टिकवलेला असेल तर अशा वेळी स्वस्त पॉवर सप्लाय सगळ्यात आधी हात टेकतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पुरवतो. कार्ड २०० वॅटचं आणि प्रोसेसर दीडशेच्या पुढे गेला, तर लाइट गेल्याक्षणी तो यूपीएस धरून ठेवू शकत नाही. ओव्हरक्लॉकचा हिशेब करताना हा खर्चही धरा.

ओव्हरक्लॉकच्या आधी हे करा

परवाच फालका बाजारातून एक अकरावीतला मुलगा आला. आय५-१२४००एफ, बी६६० बोर्ड, आणि हातात हट्ट: ओव्हरक्लॉक. मी त्याला सांगितलं, "अरे, तुझ्या चिपचा मल्टिप्लायर बंद आहे, होणारच नाही. पण गेम का अडकतो ते बघू." टेबलावर चालू केला, सगळ्या कोअरवर काम लावलं, तर क्षणभरात १०० अंश आणि क्लॉक धडाधड खाली. बाजूचं झाकण काढलं. डब्यातून आलेला इंटेलचा गोल हीटसिंक चार प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर बसतो. त्यातली एक खिट्टी बोर्डात अर्धीच घुसली होती आणि हीटसिंक एका कोपऱ्यातून किंचित उचललेला होता. उलटा करून पाहिला तर पेस्टचा ठसा फक्त अर्ध्या भागावर उमटलेला, उरलेली पेस्ट अजून ओलीच. वर पंख्याच्या पात्यांमध्ये धूळ नमद्यासारखी जमून बसलेली.

जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, खिट्ट्या समोरासमोरच्या जोडीने टक् आवाज येईपर्यंत दाबल्या, पंखा ब्रशने झाडला. मग मेमरी पाहिली. ३२०० च्या दोन पट्ट्या होत्या, पण शेजारशेजारच्या खाचांत बसवलेल्या, आणि बायोसमध्ये एक्सएमपी (मेमरीला खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) बंद असल्याने २१३३ वर चालणाऱ्या. पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हलवल्या, एक्सएमपी चालू केलं. तो मुलगा खेळून बघत होता आणि मान वर करत नव्हता. त्याच्या आईने विचारलं, "झालं का ओव्हरक्लॉक?" म्हटलं, "गरजच नव्हती वहिनी, जे विकत घेतलं होतं तेवढंच पूर्ण मिळवून दिलं."

हाच क्रम तुम्हीही धरा. आधी धूळ आणि पेस्ट. लष्करातल्या धुळीत वर्षातून दोनदा कॅबिनेट उघडलंच पाहिजे, होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा. मग मेमरी: एकच १६ जीबीची पट्टी असेल तर तशीच दुसरी घ्या, कारण दोन पट्ट्या एकत्र चालल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात, आणि प्रोसेसर अडवणाऱ्या गेममध्ये हा फरक कोणत्याही ओव्हरक्लॉकपेक्षा मोठा पडू शकतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात मेमरीचा चालू वेग दिसतो. खोक्यावरचा आकडा आणि तो जुळला पाहिजे. डीडीआर४ या मेमरीच्या आधीच्या पिढीत ३२०० किंवा ३६००, आणि रायझन ७००० च्या जोडीला डीडीआर५ ६००० उत्तम. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्सएमपीसारख्या सेटिंगचं नाव एक्स्पो असतं.

त्यानंतर हीटसिंक. डब्यातला काढून एका टॉवरचा, १२० मिलिमीटरच्या पंख्याचा हीटसिंक लावा. दोन-तीन हजारांचं काम आहे आणि आपल्या हवेत ते प्रत्येकाने करावं, ओव्हरक्लॉक करायचा असो वा नसो. कॅबिनेटला पुढून हवा आत यायला आणि मागून बाहेर पडायला पंखे हवेत. पुढचा भाग पूर्ण काचेने बंद असलेली कॅबिनेटं दिसायला सुंदर असतात, पण ग्वाल्हेरमध्ये मी ती कुणाला घेऊ देत नाही.

हे सगळं करून पुन्हा मोजा. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

ज्यांनी जरूर करावा

प्रोसेसरच अडवतो आहे हे मोजून सिद्ध झालं आहे, मॉनिटर १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झचा आहे, हीटसिंक भक्कम आहे, आणि चिप जुनी, खुली, शिल्लक बाळगून असलेली आहे, तर करा. उदाहरणार्थ, आय५-८६००के झेड३७० बोर्डावर. सगळे कोअर कामाला लागले की ती ४.१ गिगाहर्ट्झवर चालते, आणि पुष्कळ चिप ४.८ धरतात. म्हणजे १७ टक्के. प्रोसेसरमुळे ९० एफपीएसवर अडकलेला गेम १०५ च्या जवळ जाऊ शकतो. नवा प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी घेण्याचा खर्च वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलला जातो, आणि घरात तो पैसा मोठा असतो.

पद्धत अशी. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. डळमळीत ओव्हरक्लॉक फक्त संगणक बंद पाडत नाही, फायलीही खराब करतो. मेमरीचं सेटिंग आधी पक्कं करून घ्या आणि मेमटेस्ट८६ ने रात्रभर तपासा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर दोष कुणाचा हे कळेल. मग बायोसमध्ये मल्टिप्लायर सगळ्या कोअरना सारखा ४५ करा, व्होल्टेज १.२५ वर ठरवून ठेवा, आणि सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा प्रोग्रॅम) दहा मिनिटं चालवा. चाललं तर मल्टिप्लायर एकाने वर न्या. अडकलं, निळा पडदा आला, तर व्होल्टेज ०.०१-०.०२ ने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. १.३० च्या पुढे हवेच्या हीटसिंकवर, आपल्या उन्हाळ्यात, मी जात नाही. आणखी १०० मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज एकदम बरंच वाढवावं लागतंय असं दिसलं की एक पायरी मागे या. चिपची ती हद्द आहे. एकाच नावाच्या दोन चिपची हद्द वेगवेगळी असते, म्हणून मित्राचे आकडे जसेच्या तसे टाकू नका.

शेवटी ओसीसीटी (असाच ताण देऊन चुका शोधणारा प्रोग्रॅम) तासभर, आणि मग नेहमीचा गेम तीन-चार संध्याकाळी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया' (WHEA) नावाच्या चुका उमटत असतील, तर संगणक बंद पडत नसला तरी सेटिंग कच्चं आहे. गेम खेळताना तापमान उन्हाळ्यात ८५ च्या आत राहिलं पाहिजे. संगणक चालूच होईना झाला तर घाबरू नका. वीज काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा गोल बॅटरी सेल पाच मिनिटं काढून पुन्हा बसवा, बायोस मूळ पदावर येतं.

रायझन ५००० किंवा त्यापुढचा असेल तर मल्टिप्लायर हाताने ठरवूच नका. सगळ्या कोअरना एकच ठरीव क्लॉक दिला की चिपची एकट्या कोअरला उंच नेण्याची सोय बंद पडते, आणि गेमला नेमकी तीच लागते. त्याऐवजी पीबीओ (रायझनची आपणहून वेग वाढवण्याची सोय) मधलं कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा. सगळ्या कोअरना उणे १० द्या. म्हणजे त्याच क्लॉकला थोडं कमी व्होल्टेज. चिप थंड राहते, आणि उरलेल्या मोकळ्या जागेत आपणहून जरा वर चढते. टिकलं तर उणे १५, मग उणे २०. याची परीक्षा जड कामापेक्षा हलक्या कामात जास्त कठीण असते: गेम तासन्‌तास चालतो आणि नुसतं ब्राउझर उघडलं की संगणक बंद पडतो. तसं झालं तर आकडा शून्याकडे न्या. ग्वाल्हेरसाठी मला हीच वाट सगळ्यात पसंत आहे, कारण वेगही थोडा मिळतो आणि उष्णताही घटते.

जोखीम आणि हमी

इंटेल आणि एएमडी दोघांच्याही अटींत ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान हमीत बसत नाही. एएमडी पीबीओ आणि एक्स्पोलाही ओव्हरक्लॉकच मानते, इंटेल एक्सएमपीला. इंटेल पूर्वी ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना जादा पैसे घेऊन वेगळं संरक्षण विकत असे, ते २०२१ मध्ये बंद झालं.

व्होल्टेज किती नाजूक गोष्ट आहे हे अलीकडच्या दोन घटनांनी सगळ्यांना दाखवलं. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी चिप बोर्डावरच जळाल्या. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) फार वर नेत होते. एएमडीने नव्या बायोसमधून ते १.३ व्होल्टला बांधून टाकलं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या मोठ्या डेस्कटॉप चिप डळमळू लागल्या. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि आतले सर्किट हळूहळू झिजत होते. ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या (चिपच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. जे झिजलं ते दुरुस्तीने परत येत नाही. तुमच्याकडे यांपैकी काही असेल तर ओव्हरक्लॉक राहू द्या, आज संध्याकाळी बायोस अद्ययावत करा.

आणि फक्त ओव्हरक्लॉकसाठी के चिप, झेड बोर्ड आणि पाण्याचा कूलर घ्यायचा विचार असेल, तर तिन्हींचा जादा खर्च कागदावर मांडा. तेवढ्या पैशांत ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं येतं, आणि बहुतेक गेममध्ये त्याचा फरक कितीतरी मोठा असतो. ज्याला हे शिकायचंच आहे, आकड्यांत रमायला आवडतं, त्याला मी अडवत नाही. मी स्वतः यातूनच शिकले, आणि व्होल्टेज, उष्णता, वेग यांचं नातं दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतकं पक्कं डोक्यात बसत नाही. अशा मुलांनी माझ्याकडे जुना बोर्ड मागावा, त्यावर हात साफ करावा, आणि घरच्या संगणकाला नंतर हात लावावा.

सेटिंग पक्कं झालं की बायोसमध्ये ते नाव देऊन साठवता येतं. दोन प्रोफाइल करून ठेवा: एक थंडीचं, जरा वरच्या क्लॉकचं, आणि एक उन्हाळ्याचं, दोन पायऱ्या खालचं आणि कमी व्होल्टेजचं. रंगपंचमी झाली की उन्हाळ्याचं लावा, आणि दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडाल तेव्हा पुन्हा थंडीचं.